साळूआत्याचा काठ

माझ्या आत्याला, साळूबाईला, लोक नदीमित्र म्हणतात. तसा फलकच आहे तिच्या घरात, टीव्हीच्या शेजारी उभा करून ठेवलेला. पुण्याहून पोरंपोरी येतात, तिच्याबरोबर फोटो काढतात आणि विचारतात, आजी, नदीवर एवढं प्रेम कसं हो तुमचं? आत्या तोंड दाबून बसते. पोरांना वाटतं, म्हातारी लाजली. ती लाजत नाही, ती दातओठ खात असते. नदीवर प्रेमबिम तिचं काही नाही. तिनं जे केलं ते बापूसाहेबाचं वाटोळं व्हावं म्हणून केलं. हे ती स्वतः सांगते, पण कुणी खरं धरत नाही, म्हणून मी लिहितो आहे.

आत्या वडगाव रासाईला दिलेली. मच्छिंद्रमामा, म्हणजे तिचे यजमान, देवाघरची गाय. मामांच्या घराला भीमेच्या काठी मळई होती. पूर ओसरला की मागं गाळ राहतो, त्या गाळाची जमीन म्हणजे मळई. कधीकाळी गावानं ती मामांच्या पणज्याच्या पदरात टाकली, कारण पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची आणि गावातल्या शहाण्यांना ती नको होती. आमच्या लोकांनी मात्र नदीशी सरळ व्यवहार ठेवला. पाऊसकाळात जमीन नदीची, दिवाळीपासून आपली. नदी दरसाल नवी माती घालून जायची, त्यामुळं खताची गोणी त्या रानानं कधी पाहिली नाही. तिथली काटेरी वांगी आत्या दौंडच्या बाजारात मांडायची, तेव्हा तिची पाटी रिकामी झाल्यावरच शेजारणींची बोहनी व्हायची. मी दौंडला रेल्वेत आहे. कॉलनीतल्या बायका मला माझ्या हुद्द्यामुळं नाही, आत्याच्या वांग्यांमुळं ओळखायच्या.

मळईच्या वरच्या अंगाला, अगदी लगत, नदीवर बंधारा आहे. अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. पाऊसकाळ सरला की बंधाऱ्याच्या गाळ्यांत लोखंडी ढापे बसवायचे, म्हणजे पाणी अडतं. मिरगाच्या आत ते काढायचे, म्हणजे पुराला वाट मिळते. काढायची एक रीत आहे. आधी मधले गाळे मोकळे करायचे, मग दोन्ही अंगांना सारखं सरकत जायचं. पाण्याची धार मधोमध राहते आणि कुणाचाच काठ तुटत नाही. एकाच बाजूचे ढापे काढले आणि दुसऱ्या बाजूचे ठेवले, तर सगळी नदी उघड्या बाजूच्या काठावर तुटून पडते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि बापूसाहेब तर बंधाऱ्याच्या पाणी संस्थेचे चेअरमन होते.

बापूसाहेबांची जमीन आत्याच्या मळईच्या बरोबर समोर, दौंडच्या अंगाला. वरच्या रानात ऊस. खाली काठाला त्यांनी मुरमाचा भराव टाकून नदीतच जागा काढली, कडेला दगडी भिंत घातली आणि त्यावर लॉन आणि लॉनमागं मंगल कार्यालय उभं केलं. नदीत पाय सोडून बसल्यासारखं ते लॉन दिसायचं. नदी तिथं अरुंद झाली आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण जेवणावळी उत्तम व्हायच्या, त्यामुळं बोलणार कोण?

एके साली मिरग उलटून गेला तरी ढापे जागच्या जागी. चेअरमनचा ऊस आणखी एक पाणी मागत होता. मग वरच्या धरणांतून पाणी सोडल्याचा निरोप आला आणि धावपळ सुरू झाली. बापूसाहेबांची माणसं बंधाऱ्यावर आली, शिरूरच्या अंगाचे ढापे काढले, आणि दौंडच्या अंगाचे तसेच ठेवून निघून गेली. दुपारपर्यंत मळई गेली. वाळूवाल्यांनी पात्र आधीच खरवडून खोल केलेलं, त्यामुळं काठाला खालून आधारच नव्हता. ताटातली भाकर मोडावी तसे जमिनीचे तुकडे मोडून पाण्यात पडत होते. मामा आत्याचा दंड धरून तिला मागं ओढत होते, आणि आत्या पाण्याकडं बघत नव्हती. ती बंधाऱ्याच्या पलीकडच्या बंद गाळ्यांकडं बघत होती.

पूर ओसरल्यावर बापूसाहेब चार लोक घेऊन अलीकडं आले. हातात हिरवी साडी, नारळ, हळदकुंकू. नदीचा कोप शांत करायला ओटी भरायची, तीही नेमकी आत्याच्या तुटलेल्या काठावरून. आम्ही बौद्ध माणसं, आम्हाला ओटीबिटीचं काही नाही, तरी आत्यानं त्यांना करू दिलं. साडी पाण्यात सोडून झाल्यावर तिनं विचारलं, तुमच्या अंगाचे ढापे का ठेवले होते?

"अडकले व्हते," बापूसाहेब म्हणाले. "भिमामाईनं न्हेलं, साळूबाई. तिच्या म्होरं कुणाचं चालतंय?"

झालं. त्या दिवसापासून गाव तेच म्हणायला लागलं. पंचनाम्यातही नदीनंच नेलं असं आलं. मामासुद्धा एकदा जेवताना म्हणाले, नदीनं दिलं, नदीनं नेलं. आत्यानं त्यांच्यापुढचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. जमीन गेल्याचं दुःख तिनं गिळलं असतं, आमच्या लोकांना गिळायची सवय आहे. पण माणसानं केलेलं पाप नदीच्या नावावर लागलं, हे तिला सोसेना. मी त्या आठवड्यात गेलो तेव्हा तिनं मला स्पष्ट सांगितलं.

"त्याच्याच तोंडून वदवीन, की म्या केलं म्हनून. आन् माझी गेली तेवढी त्याची न्हाई नदीत घातली, तर साळू नाव लावायची न्हाई."

मी म्हणालो, आपण अर्ज करू. ती म्हणाली, तू कर, तुला सुट्टी असती.

मग तिनं उद्योग मांडला. पुराच्या पाण्याला अंगावर घ्यायचं नाही, त्याला वळवायचं, हे तिनं लहानपणापासून बघितलेलं. तुटलेला उभा काठ आधी कुदळीनं उतरता केला. त्यात बाभळीच्या मेढी, म्हणजे जाड खुंट, ठोकल्या, रांगेनं, पण काठाला सरळ नाही, तिरप्या. मेढींच्या मध्ये निरगुडीचे फोक विणले, आणि मागं वाळ्याचं गवत लावलं. वाळ्याची मुळं जमिनीत खोल सरळ जातात आणि माती सोडत नाहीत. एकटीचं काम नव्हतं, म्हणून तिनं इर्जिक घातली. वस्तीतल्या बायका कामाला यायच्या आणि आत्या सगळ्यांना वरण-भाकरी आणि बोंबलाचं कालवण घालायची. गिताबाई म्हणून तिची जिवाची मैत्रीण, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत होती. कशासाठी चाललंय हे एकट्या गिताबाईला खरं माहीत होतं आणि तिला ते फार आवडलं होतं.

मामांना धास्ती वाटायची. नदीशी वैर बरं नाही, असं ते म्हणायचे. आत्या म्हणायची, नदीशी कुठं हाय, ती तर आपल्या कामाला लावलीया.

पहिल्या पुरात निम्म्या मेढी गेल्या. आत्यानं पाणी कुठं आदळलं, कुठून फिरलं ते बघून ठेवलं आणि दुसऱ्या साली रांगा बदलल्या. मग मात्र पाणी तिचं ऐकायला लागलं. लोंढा यायचा, मेढींना घासून फिरायचा आणि तिरपा पलीकडं जायचा. वाळा माजला, काठ हिरवा झाला, पाखरं आली. लोकांना पाखरं दिसली. पाणी कुठं जातंय ते कुणी बघितलं नाही.

एका संस्थेच्या लोकांनाही पाखरंच दिसली. त्यांनी व्हिडिओ काढला, आणि दौंडला मोठा कार्यक्रम ठेवून आत्याला नदीमित्र पुरस्कार दिला. स्टेजवर प्रमुख पाहुणे कोण? बापूसाहेब. परिसरातलं वजनदार माणूस, त्यांना वगळून कार्यक्रम होतो का? मी पुढच्या रांगेत बसलो होतो. सूत्रसंचालन करणाऱ्या प्राची नावाच्या मुलीनं माईक आत्याच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, आजी, ही प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?

आत्यानं शेजारी बघितलं. "ह्या बापूसाहेबांनी माझी मळई घालवली," ती म्हणाली. "तवा नदीनं ह्यांचंबी खावं म्हनून केलं."

 मग कुणीतरी हसलं, आणि सगळा हॉल हसत सुटला. टाळ्यांचा कडकडाट. बापूसाहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले, उठून त्यांनी आत्याच्या खांद्यावर शाल घातली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, मिश्कील आजीबाईंनी सभागृह जिंकलं. ती बातमी वाचून दाखवली तेव्हा आत्यानं मला घराबाहेर काढलं. मला राग आला नाही. मलाही आतून तिडीक उठली होती. हिची जमीन घेतली, आणि आता हिचा रागसुद्धा करमणूक म्हणून वाटून घेतला. पाटलाच्या बाईनं तेच वाक्य म्हटलं असतं, तर हॉलमध्ये कुणी हसण्याची छाती केली असती का?

पण नदी हसली नव्हती. पुढच्या पावसाळ्यात बापूसाहेबांच्या भिंतीखालची माती निघायला लागली. भिंतीला तडा गेला, लॉनचा कोपरा बसला, आणि मंगल कार्यालयाची संडासं अर्धी हवेत लोंबकळायला लागली. आत्या रोज सकाळी काठावर जाऊन बघून यायची, सुनेला दिवस गेलेत की काय ते बघणाऱ्या सासूसारखी. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि एके दिवशी बापूसाहेब बंधाऱ्यावरून चालत, एकटेच, आत्याच्या दारात आले. मी त्या दिवशी तिथंच होतो. आत्यानं बाज टाकली, चहा दिला. ते म्हणाले, साळूबाई, तुमचा काठ टिकला, माझा का जातोय? भिंत आणखी वर न्यावी म्हणतो, काँक्रीटची. तुम्हाला काय वाटतं?

 आत्यानं नुसतं व्हय म्हणायचं होतं. उंच, जड भिंत, खाली पोकळ काठ. दोन पुरांत भिंतीसकट मंगल कार्यालय नदीत गेलं असतं. आयती संधी दारात चालत आली होती, आणि आत्या चहाच्या कपाकडं बघत होती.

"पाडा," ती म्हणाली. "भिंत पाडा. भराव काढा. जेवढी जागा नदीची घेतलीया तेवढी सोडा, काठ उतरता करा, आन् वाळा लावा. वाळा मी देते."

बापूसाहेबांचा चेहरा उतरला. त्यावर आत्यानं आणखी घातलं, की ढापे इथून पुढं मिरगाच्या आत निघायचे, मधल्या गाळ्यांपासून, आणि काढताना आमच्या वस्तीतल्या बायका बंधाऱ्यावर उभ्या राहतील. अडलेला माणूस काय करतो? ते हो म्हणाले. ते गेल्यावर मी आत्याशी भांडलो. तिनं मला सांगितलं, गप, तुला कळत न्हाई, आणि भांडी घासायला गेली.

उन्हाळ्यात जेसीबी आला. आत्या आणि गिताबाई फडक्यात भाकरी बांधून बंधारा ओलांडून पलीकडं गेल्या आणि उसाच्या बांधावर बसल्या. बापूसाहेब स्वतः उभं राहून भिंत पाडून घेत होते. दगड निघत होते, मुरमाच्या गाड्या भरत होत्या, लॉनवरची हिरवळ गुंडाळून कडेला पडली होती. लग्नातही ह्या दोघी इतक्या खुशीत मी कधी बघितल्या नाहीत. मीही सुट्टी टाकून गेलो होतो आणि मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढचा पूर आला तो मिरगाच्या आत ढापे काढून, मधून वाट करून दिलेल्या नदीला आला. पाणी भरपूर होतं, पण त्याला पसरायला जागा होती. ते कुणावर तुटून पडलं नाही. बापूसाहेबांच्या सोडलेल्या जागेवर निवांत पसरलं, थांबलं, आणि ओसरलं. ओसरल्यावर तिथं काय राहिलं? गाळ. काळाभोर, लोण्यासारखा, पाय रुतेल एवढा. मळई. जी आत्याच्या काठावर दरसाल व्हायची ती आता बापूसाहेबाच्या काठावर झाली होती. आत्याचा काठ टिकला, पण तो चिंचोळाच राहिला. लोंढा पलीकडं हाकलला, तशी मातीही पलीकडं गेली.

आत्यानं ते अलीकडून बघितलं आणि मटकन खाली बसली.  गिताबाई म्हणाली, साळू, तू त्याचं चांगलंच केलंस की गं. त्यावर आत्यानं तिला अशी शिवी दिली, की ती इथं लिहिता येत नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर बापूसाहेब परत आले. ह्या वेळी डोक्यावर पाटी घेतलेला गडी मागं. पाटीत वांगी, काटेरी, जांभळी, तुकतुकीत. त्यांनी चक्क हात जोडले.

म्हणाले, तुमचे लई उपकार झाले. नदीला जागा सोडायला सांगितलीत, नाहीतर मी भिंतीपायी बुडालो असतो. गावाला सांगतो मी, साळूबाईंचं मन मोठं.

उपकार हा शब्द ऐकला आणि आत्याचा तोल गेला. आवाज मात्र चढवला नाही. ती म्हणाली, उपकार न्हाईत. मी तुमचं वाटोळं करायला बसले व्हते. बापूसाहेब हसले, स्टेजवर हसले होते तसेच. आत्यानं चपला घातल्या आणि त्यांना काठावर घेऊन गेली. मी मागोमाग. वाळ्याच्या मागं उभं करून तिनं त्यांना पहिल्या मेढीपासून शेवटच्या मेढीपर्यंत नजर न्यायला सांगितली, आणि तशीच पुढं, पाण्यापलीकडं.

त्यांनी नजर नेली. त्या तिरप्या रांगेच्या नाकासमोर संडासांचा पडका चौथरा होता.  हसू गेलं. मानेवरची शीर फुगली.

"म्हंजी तू जाणूनबुजून..."

"व्हय."

"मंग भिंत वाढवा म्हनायचं व्हतं. सगळंच गेलं असतं माझं."

"ती नदीनं पाडली असती," आत्या म्हणाली. "तुमी परत साडी-नारळ घेऊन आला असता, भिमामाईची मर्जी म्हनून. तुमच्या हातानं पाडायची व्हती मला. माझी कुणाच्या हातानं गेली ती तुमाला ठावं हाय."

बापूसाहेब म्हणजे चारचौघांत कधी ऐकून न घेतलेला माणूस. त्यांनाही आता मागं राहायचं नव्हतं, तेवढाच घाव परत घालायचा होता.

"मंग ऐक," ते म्हणाले. "ढापे अडकले न्हवते. मीच ठेवा म्हनलं. भिंत नवी व्हती, आजून ओली. माझ्या अंगाचे काढले असते तर एका दमात गेली असती. म्हनलं, पलीकडं काय हाय, वांग्याचा तुकडाच तर हाय."

मला वाटलं, आता आत्या हंबरडा फोडेल, नाहीतर त्यांच्या अंगावर जाईल. तिनं मान हलवली, जणू रेशनच्या दुकानात आपलं नाव पुकारलं. मग वळून वस्तीकडं हाका मारल्या. मामा आले. गिताबाई ओल्या हातांनी आली. शेजारपाजारचे दोघंतिघं आले.

"आता परत म्हना," आत्या म्हणाली. "ह्यांच्या म्होरं."

बापूसाहेबांनी सगळ्यांकडं बघितलं. काढता पाय घ्यायला वाट नव्हती, मागं नदी होती आणि पुढं माणसं. हळू आवाजात, खाली बघत, त्यांनी ते परत म्हटलं. मच्छिंद्रमामांनी ते ऐकलं. नदीनं दिलं, नदीनं नेलं म्हणणारे मामा त्या जागी खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. आत्या रडली नाही. तिनं बापूसाहेबांना सांगितलं, आता जावा, आणि ते बंधाऱ्याच्या वाटेला लागले. गडी पाटी विसरून त्यांच्या मागं पळाला.

संध्याकाळी आत्यानं त्या वांग्यांचं भरीत केलं. मी म्हणालो, आत्या, कबूल झाला माणूस, चारचौघांत झाला. आता संपलं म्हणायचं का? तिनं माझ्या ताटात भाकरी टाकली आणि एक घास खाऊन बघितला. चव तिला ओळखीची लागली असणार, कारण ती चावायची थांबली.

"दोन गोष्टी बोलले व्हते मी," ती म्हणाली. "कबूल झाला, ती एक झाली. जमीन कुठं दिलीया त्यानं नदीला आजून? सोडली ती नदीचीच व्हती."

आणि उद्या गिताबाईला घेऊन, पाणी आता कुठं लागतंय ते बघायला पलीकडं जायचं आहे, बाभळीच्या मेढी कुठं मिळतील ते बघ, असं तिनं मला सांगितलं.